दुसरं रक्त

मॅडमना बरा झालेला माणूस आवडायचा नाही. हे लिहिलेलं वाईट दिसतं, पण आमच्या भागात त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. तापाने फणफणलेला माणूस दिसला की त्या त्याच्या उशाशी बसायच्या, कपाळाला हात लावायच्या, घरात कोण कोण आहे ते विचारायच्या. तोच माणूस पंधरवड्याने डोक्यावर मोळी घेऊन धडधाकट चालताना दिसला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. कारण आजारी माणूस रक्त देतो, बरा झालेला देत नाही. आणि मॅडमना दोन्ही वेळचं रक्त हवं असायचं.

"पहिलं रक्त म्हणजे नुसता आरोप," त्या म्हणायच्या. "पुरावा दुसऱ्या रक्तात असतो."

डहाणू स्टेशनजवळ माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. साखर, थायरॉइड, गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन, पावसाळ्यात मलेरिया. एक गाळा, एक फ्रिज, एक सेंट्रिफ्यूज, एक मी. पावसाळा सरत असताना एका सकाळी मॅडम आत आल्या आणि नमस्कार न करता म्हणाल्या, "तुमचं सेंट्रिफ्यूज किती आरपीएमचं आहे?"

मी म्हटलं, "आधी बसा. पाणी देते."

"पाणी नको. आरपीएम."

मिनिटाला किती फेरे घेतं, तो आकडा मी सांगितला. त्यांनी फ्रिज उघडून थर्मामीटर पाहिला, माझ्या दह्याचं भांडं उचलून बाहेर ठेवलं आणि म्हणाल्या, "लॅबच्या फ्रिजमध्ये दही ठेवायचं नाही." त्या दिवसापासून त्यांच्या नळ्या माझ्या फ्रिजमध्ये राहू लागल्या आणि सकाळचे रिपोर्ट संपले की मी त्यांच्याबरोबर पाड्यांवर जाऊ लागले. का गेले? काम चोख होतं म्हणून. चोख काम करणारी माणसं मला थोडी विक्षिप्त असली तरी चालतात.

त्या उंच, काटकुळ्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेल्या. सलवार नेहमी मोज्यांत खोचलेली, आणि मोजे शाळकरी मुलांचे असतात तसे गुडघ्यापर्यंतचे. माझ्या पुतणीच्या लग्नाला त्या रेशमी साडी नेसून आल्या, साडीखाली तेच मोजे. माझ्या जावेने मला कोपराने ढोसलं. मी मॅडमना बाजूला घेऊन म्हटलं, "लग्नात तरी मोजे काढायचे."

"मांडव कशावर घातलाय?" त्यांनी विचारलं.

"मैदानावर."

"गवतावर," त्या म्हणाल्या आणि पंगतीत जाऊन बसल्या.

गवत हाच त्यांचा शत्रू. आमच्याकडे पाऊस संपला की माळांवर कमरेएवढं गवत उभं असतं. ते कापून, वाळवून, दाबून त्याच्या गासड्या करतात आणि व्यापारी त्या मुंबईच्या तबेल्यांना पाठवतात. कापणीला पाडेच्या पाडे जातात. दुपारी भाकरी खाऊन त्याच कापलेल्या गवतावर आडवे होतात. त्या गवताच्या पात्यांवर धुळीच्या कणाएवढा लाल किडा असतो. तो उंदरांच्या कानांत वाढतो आणि माणूस सापडला तर माणसालाही चावतो. त्याच्या चाव्यातून जंतू अंगात जातो आणि आठ-दहा दिवसांनी डोकं फोडणारा ताप येतो. डॉक्टर त्याला स्क्रब टायफस म्हणतात. आमचे लोक त्याला कापणीचा ताप म्हणायचे आणि अंग मोडेपर्यंत काम केल्यामुळे येतो असं समजायचे. किडा चावतो तिथे विडीचा चटका बसावा तसा काळा डाग पडतो. तो दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे ज्याला असतो त्यालाही माहीत नसतो.

उंदीर पकडायला मॅडमकडे पत्र्याचे पिंजरे होते. आमिष म्हणून त्यांनी शेंगदाणे लावून पाहिले, भाकरी लावून पाहिली. शेवटी भाजलेला बोंबील ठरला. तलासरीहून परत येताना एकदा आमची जीप बंद पडली आणि आम्ही पिंजरे घेऊन एसटीत चढलो. कंडक्टर वास घेत आला.

"मॅडम, यात काय हाय?"

"उंदीर."

"जिवंत?"

"मेलेले माझ्या कामाचे नाहीत."

कंडक्टरने जरा विचार केला. "मग पुढे बसा. मागे शाळेची पोरं आहेत, पिंजरा उघडतील."

शेजारच्या सीटवरची म्हातारी वाकून पिंजऱ्यात बघत म्हणाली, "बाय, आमच्या घरचे पण घेऊन जा ना. ते याच्यापेक्षा मोठे हायेत." मॅडमनी लगेच तिला पाड्याचं नाव विचारलं आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या घरी पिंजरे लावले. म्हातारीने ते गंमत म्हणून म्हटलं होतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मॅडम काही माणसांना तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. त्यांची डॉक्टरेट उंदरांवरची. जन्म मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेलेला. पेशीच्या आत शिरून लपून बसणाऱ्या जंतूला शरीर कसं हुडकून काढतं, हा त्यांचा विषय. त्यांचे लेख परदेशात छापून यायचे. "आयुष्यभर उंदरांना आजारी पाडलं आणि बरं केलं," त्या एकदा जीपमध्ये म्हणाल्या, "माणूस राहूनच गेला." निवृत्तीला थोडीच वर्षं उरली असताना त्यांनी आमच्या भागातल्या या तापाचा प्रकल्प मागून घेतला, तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांना वाटलं की बाई कंटाळल्या, समुद्राची हवा खायला चालल्या. समुद्र त्यांनी डहाणूत पहिल्या वर्षी पाहिलासुद्धा नाही.

आता रमीबद्दल. ती गंजाडच्या पुढच्या एका पाड्यावरची, दोन मुलांची आई. तिचं रक्त मलेरियासाठी माझ्याकडे आलं. मलेरिया नव्हता. मी तसा रिपोर्ट दिला. मॅडमनी कागद उलटा करून विचारलं, "ही कापणीला जाते?" मला काय माहीत. आम्ही चौकशी करत दवाखान्यात पोहोचलो तेव्हा रमीला ताप येऊन दहा-बारा दिवस झाले होते आणि तिला श्वास घेता येत नव्हता. मॅडम नर्सला म्हणाल्या, "लुगड्याची गाठ सोडा." गाठीच्या खाली, कमरेवर, काळा डाग होता. इतके दिवस सगळ्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. गाठ कुणी सोडली नव्हती.

औषध लगेच सुरू झालं. उशीर झाला होता. रमी दुसऱ्या दिवशी गेली.

या आजाराची गोळी साधी आहे, स्वस्त आहे, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोटात गेली तर माणूस दोन दिवसांत उठून बसतो. पण पाड्याजवळच्या उपकेंद्रात ती नव्हती. तालुक्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवून जायचं, म्हणून लोक अगदी नाइलाज झाला की जायचे.

मॅडम दवाखान्याच्या बाहेर आल्या, पायरीवर बसल्या, पिशवीतून केळं काढून खाल्लं. मग म्हणाल्या, "गोळी उपकेंद्रात पाहिजे. पुढच्या कापणीच्या आधी." त्यानंतर त्यांनी जे काही केलं ते या वाक्यासाठी.

आरोग्य खात्यातल्या वरच्या साहेबांचं म्हणणं साधं होतं: हा आजार इथे इतका आहे हे आधी सिद्ध करा. आणि सिद्ध करायचं तर तापातलं एक आणि बरं झाल्यावरचं एक अशी रक्ताची जोडी पाहिजे. म्हणून मॅडम दुसऱ्या रक्तामागे लागल्या.

लोकांना समजावण्याची त्यांची पद्धत होती. एका पाड्यावर लाडक्याबाबा नावाचे म्हातारे होते. त्यांच्या सुनेला ताप येऊन गेला होता. मॅडमनी अंगणात बसून त्यांना सांगितलं, "बाबा, जंतू अंगात शिरला की अंग त्याचा चेहरा पाठ करतं. नीट पाठ व्हायला दोन-तीन आठवडे लागतात."

"पाहुणा वळखायला दोन आठवडे?" बाबा म्हणाले. "आमच्याकडे सोयरा दोन रोज जास्ती राह्यला तर म्हातारी त्याला कोयता देऊन कापणीला धाडते."

"तसंच! ओळख पटली की अंग कोयते तयार करतं, त्या जंतूसाठीच घडवलेले. आजारपणात थोडे असतात, नंतर पुष्कळ होतात. मला ते कोयते मोजायचेत."

"मग मोजा. पण माझ्याकडे काय बघता? ताप सुनेला आलेला. ती तुमची जीप बघून मागच्या दाराने गेली."

मॅडम हसल्या नाहीत. "येईल," म्हणाल्या आणि तिथेच बसून राहिल्या. ही त्यांची खरी खोड. रक्त मिळाल्याशिवाय त्या अंगणातून उठायच्या नाहीत. ऊन असो, काही असो. घरातलं काही खायच्या नाहीत, पाणी घ्यायच्या नाहीत. मी सांगायचे, "मॅडम, असं दारात उपाशी बसणं बरं दिसत नाही. लोकांना अवघडल्यासारखं होतं." त्या म्हणायच्या, "होऊ दे. अवघडलं की देतात." आणि खरंच द्यायचे. संध्याकाळपर्यंत घरातलं कुणीतरी येऊन हात पुढे करायचं. मी रक्त काढायचे, मॅडम नळीवर नाव लिहायच्या, आम्ही निघायचो. जोड्या जमत गेल्या. फ्रिज भरला. मॅडम एकदा चक्क गुणगुणल्या.

मग देवजीची नळी आली. देवजी तरुण गडी. त्याचं पहिलं रक्त दवाखान्यात घेतलेलं, म्हणजे त्याचा चेहरा आम्ही पाहिलेला नव्हता. तशी बरीच जणं होती. त्याच्या पहिल्या रक्तात कोयते होते, थोडे पण स्पष्ट. दुसऱ्या रक्तात एकही नव्हता.

मॅडमनी तपासणी पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा. मी म्हटलं, "एक नळी बिघडली असेल. सोडून द्या."

"वाढले नाहीत तर समजू शकते," त्या म्हणाल्या. "पण इतक्या दिवसांत सगळेच गायब? हे रक्त देवजीचं नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही देवजीच्या घरी. त्याची आई भात पाखडत होती. मॅडमनी सरळ विचारलं. तिने सूप खाली ठेवलं आणि तितकंच सरळ सांगितलं.

"देवजी कवाच बोटीवर गेला, तिकडं गुजरातेत वेरावळला. तुम्ही उन्हात बसलेल्या. पाणी दिलं तर पाणी नाय, चहा दिला तर चहा नाय. माझा जीव वर-खाली. म्हणून बारक्याला बसवला. दोघं माझ्याच पोटचे. रक्त काय येगळं असणार?"

मी विचारलं, "आणखी कुणी असं केलं का, मावशी?"

"केलंच असेल. काय करणार? ही बाय उठत नाय ना."

मॅडमनी तिच्याकडे पाणी मागितलं. तांब्या घेतला आणि सगळं पाणी प्यायल्या. पाड्यावर पाणी पिताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढचे दिवस आम्ही त्याच घरांतून पुन्हा फिरलो. या वेळी रक्त मागायला नाही, तर कोणाचं दिलं ते विचारायला. लोकांनी काही लपवलं नाही. त्यांच्या मते त्यात लपवण्यासारखं नव्हतंच. मुलीऐवजी आई बसली होती. एका जावेऐवजी दुसरी. लाडक्याबाबांनी तर सुनेऐवजी स्वतः दिलं होतं. ते मात्र आम्हाला सांगून दिलं होतं आणि मॅडमनी नळीवर त्यांचंच नाव लिहिलं होतं, त्यामुळे ते कशातच धरलं नव्हतं. फिरून आलो तेव्हा जोड्या निम्म्याच्याही खाली आल्या होत्या.

साहेबांबरोबरची बैठक ठरलेली होती. मला वाटलं, मॅडम पुढे ढकलतील. त्यांनी ढकलली नाही. मोठ्या टेबलापाशी साहेब लोक बसले होते, मी मागच्या खुर्चीत. मॅडमनी आधी चुकीच्या जोड्या सांगितल्या, का चुकल्या ते सांगितलं, आणि मग उरलेल्यांचा निकाल.

साहेबांनी चष्मा काढला. "या चुका कुणी शोधल्या?"

"मीच."

"म्हणजे तुम्ही स्वतःच स्वतःची केस पाडलीत. इतक्या कमी जोड्यांवर मी सही करू शकत नाही."

"आज चुकीच्या रक्तावर गोळी मिळवली, तर उद्या कुणीतरी ती चूक शोधेल आणि गोळी काढून घेतली जाईल," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या वर्षी येते."

जीपमध्ये मी गप्प बसले नाही. म्हटलं, "खरं बोललात, फार छान. पण एक कापणी गेली. या हंगामात ताप येईल त्यांनी काय करायचं, याचा विचार केलात?"

"केलाय," त्या म्हणाल्या. "म्हणून उद्यापासून सुरुवात."

त्या हंगामात त्यांची जीप रुग्णवाहिका झाली. कापणीवाल्या माणसाला ताप आल्याचं कळलं की मॅडम जाऊन त्याला तालुक्याला पोहोचवायच्या आणि डॉक्टरांच्या टेबलापाशी उभं राहून "गाठ सोडून बघा" म्हणायच्या. डॉक्टर वैतागायचे, पण बघायचे. आम्हाला माहीत झालेल्यांपैकी त्या वर्षी कुणी दगावलं नाही. आम्हाला माहीत न झालेल्यांचं मी सांगू शकत नाही.

मधल्या काळात मॅडम निवृत्त झाल्या होत्या आणि प्रकल्पाची मुदतही संपली होती. निरोपसमारंभाला त्या गेल्या नाहीत, कारण त्या दिवशी कुणाचं तरी दुसरं रक्त होतं. चिकूच्या एका वाडीमागे खोली घेऊन त्या राहू लागल्या. त्यांची एकच गोष्ट बदलली, पण ती मोठी होती. त्या आता अंगणात ठाण मांडत नव्हत्या. चहा दिला तर पीत होत्या, एकच गोष्ट विचारत होत्या: "माणूस कुठे आहे?" आणि जिथे असेल तिथे जात होत्या. पोहोचल्यावर पहिला नियम: डाग दाखवा. काळी खपली पडून गेली तरी तिथे खूण उरते, आणि कुठे आहे ते पहिल्या वेळी आम्ही टिपून ठेवलेलं असायचं. भावाच्या कमरेवर भावाची खूण नसते.

कमळी नावाची बाई अच्छाडच्या एका ढाब्यावर रोट्या करायला गेली होती. तिची खूण काखेत. ढाबाभर ट्रकवाले. मॅडमनी एका क्लीनरकडून ताडपत्री मागितली, दोन खाटा उभ्या केल्या आणि आडोसा केला. आतून आम्ही रक्त घेऊन बाहेर आलो तर एक ड्रायव्हर बाही वर करून उभा.

"बेन, माझंपण काढा ना. बायको म्हणते, माझं रक्त लय गरम हाय."

"ताप आला होता?"

"नाही."

"गवत कापता?"

"नाही, मी टाइल्स नेतो."

"मग तुमचं रक्त मला नको," मॅडम म्हणाल्या. तो इतका हिरमुसला, की कमळीने त्याला एक रोटी जास्त दिली.

सगळ्यात लांब आम्ही गेलो वेरावळला. या वेळी ताप आला होता बारक्याला, म्हणजे देवजीच्या त्याच भावाला, आणि बरा झाल्यावर तोही भावाच्या बोटीवर गेला होता. मी म्हटलं, एका माणसासाठी इतक्या लांब? मॅडमनी तिकिटं आधीच काढली होती. धक्क्यावर माशांच्या पाट्यांमधून वाट काढत आम्ही बोट शोधली. बारक्या आम्हाला बघून जाळ्यामागे गेला. देवजीने त्याला दंडाला धरून ओढत आणलं.

"घ्या मॅडम. माझ्या जागी मोठ्या ऐटीत बसला होता. आता स्वतःचं द्यायला लाजतोय."

"खूण?" मॅडमनी विचारलं.

बारक्याने चड्डीचा पाय थोडा वर केला. मांडीवर खूण होती. मी धक्क्यावरच, बर्फाच्या खोक्यावर त्याचा हात ठेवून रक्त घेतलं. त्या रक्तात कोयत्यांची रास होती.

या वेळी बैठकीत साहेबांनी प्रत्येक जोडी उलटून पालटून पाहिली. एकही गळली नाही. सही झाली. गोळ्यांचे खोके कापणीच्या आधी उपकेंद्रांत पोहोचले. ते पोहोचले की नाही हे मॅडमनी प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन, कपाट उघडायला लावून पाहिलं.

कापणी सुरू झाल्यावर आम्ही गंजाडच्या पुढच्या उपकेंद्रात गेलो होतो. तिथली सिस्टर चटपटीत. आम्ही बसलो असताना एक बाई शेजारणीच्या खांद्याला धरून आली. डोळे लाल, पाय लटपटत होते. सिस्टरने ताप पाहिला. "किती दिवस?"

"तीन रोज झाले."

"कापणीला जातेस?"

"जातो ना."

सिस्टर तिला पडद्याआड घेऊन गेली. "गाठ सोड," असं आतून ऐकू आलं. मग बाहेर येऊन तिने कपाट उघडलं, "दिवस गेलेत का?" विचारलं, नाही म्हटल्यावर गोळी तिच्या हातावर ठेवली, भरपूर पाणी प्यायला लावलं आणि पुढच्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या. "रोज दोन वेळा, जेवल्यावर. चुकवायची नाही. परवापर्यंत ताप उतरला नाही तर इथे यायचं, घरी पडून राहायचं नाही."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी आपला डबा उघडला होता. रबरी पट्टा, कापूस, सुई, नळी, सगळं मांडून झालं होतं आणि नळीवर लिहायचं पेन हातात होतं.

"नाव काय तुझं?" त्यांनी त्या बाईला विचारलं.

"मॅडम," सिस्टर कपाटाला कुलूप लावता लावता म्हणाली, "आता रक्त नको ना. ऑर्डरमध्ये लिहिलंय, ताप आणि डाग दिसला की सरळ गोळी."

"मला माहीत आहे. ती ऑर्डर मीच लिहून दिली."

"मग?"

मॅडमनी नळीकडे पाहिलं. पेनाला टोपण लावलं. पण बाकावरच्या बाईने तोवर बाही खांद्यापर्यंत वर करून हात पुढे केला होता आणि मान दुसरीकडे वळवली होती. आमच्या डब्याची सगळ्या पाड्यांना ओळख झाली होती. मॅडम उठल्या, तिच्यासमोर गेल्या आणि तिची बाही हाताने खाली केली.

"जा घरी. झालं."

"आणि रक्त?" बाईने विचारलं.

"ते तुझ्याकडेच राहू दे."